मूठभर तांदूळ

आज ऐझॉलमध्ये एका घरी जेवायला होतो. भात टाकण्याआधी आजींनी मूठभर तांदूळ काढून वेगळ्या डब्यात ठेवले. "हे चर्चचे," एवढंच म्हणाल्या.

मिझो बायकांनी १९१० पासून जपलेली ही 'बुहफाई थाम', म्हणजे चर्चसाठी मूठभर तांदूळ काढून ठेवायची प्रथा. साठलेले तांदूळ चर्चमध्ये जमा होतात, विकले जातात, त्यातून दूरच्या गावांतल्या चर्चच्या सेवकांना आधार मिळतो. इथे चर्च सुरू करणारे वेल्श मिशनरी केव्हाच मायदेशी गेले. काम थांबलं नाही, कारण ते इथल्या चुलींवर उभं होतं!

मला राहून राहून नंदुरबारमधल्या धडगावकडचे ओळखीचे पावरा आदिवासी पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर, आठवतायत. आठवडाभर मजुरी, रविवारी डोंगर चढून पाड्यावर उपासना. आम्ही शहरातल्या चर्चच्या मंडळ्या नाताळात त्यांना ब्लँकेटं पाठवतो. बाकीचं वर्ष त्यांचं घर कसं चालतं, आपल्यापैकी किती जणांनी विचारलंय?