काळ्या समुद्रावर ओल्या वाळूतले खोटे आवाज: चौथ्या रविवारची नोंद

आधी दोन महिने मी रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, पांढऱ्या समुद्रावर, वाळूत पुरलेली नाणी-दागिने शोधायचा मेटल डिटेक्टर फिरवत होतो. तिथली पुळण फिकट. ओल्या पट्ट्यात थोडी कुरकुर व्हायची, पण सेन्सिटिव्हिटी दोन घरं खाली आणली की थांबायची. मग भगवतीच्या किल्ल्याला वळसा घालून मांडवीला, काळ्या समुद्रावर आलो आणि सगळंच बदललं. रत्नागिरीकरांनी या दोन किनाऱ्यांना नावं दिली ती वाळूचा रंग बघून. डिटेक्टरलाही तो फरक पहिल्या पावलापासून कळतो.

पहिल्या रविवारी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. सकाळी सहाच्या सुमारास चांगली लांबवर ओहोटी. हेडफोन लावले आणि दहा पावलांत बारा आवाज आले. खणलं तर काही नाही. खड्ड्यात पाणी भरलं की आवाज आणखी मोठा. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारीही तेच. चौथ्या रविवारी खणणं बाजूला ठेवलं आणि फक्त आवाज तपासायचं ठरवलं. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय.

आधी लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वाळूवरून ओढला. दोन हात ओढेस्तोवर पिशवीवर काळी दाट लव उभी राहिली. हे मॅग्नेटाइट, लोखंडाचं काळं खनिज. त्याच्या जोडीला इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज, असतं, पण ते चुंबकाला तितकं धरत नाही. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइटचे साठे आहेतच. साधी वाळू पाण्याच्या अडीच ते पावणेतीन पट जड, ही खनिजं साधारण पाच पट. म्हणून पावसाळ्यातल्या लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि जड काळी मागे राहते. तीही सगळीकडे सारखी नसते. पट्टे असतात, वीतभर रुंद, कधी हातभर. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची वाळूवरून फिरवायची चकती, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर गेली की यंत्राला जमीन बदलल्यासारखी वाटते आणि ते ओरडतं.

दुसरं कारण मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते. डिटेक्टरला ती पातळ धातूच्या पत्र्यासारखी दिसते. खरी अडचण पुढे आहे. मॅग्नेटाइटचा आणि मिठाचा प्रतिसाद एका दिशेचा नसतो. माझं यंत्र एकाच फ्रिक्वेन्सीचं. पाण्याच्या कडेला ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा आवाज यंत्राला ओळखायला लावून गप्प करणं) घेतला तर आकडा वीसच्या आत येतो, चार पावलं वर काळ्या पट्ट्यावर घेतला तर ऐंशीच्या पुढे जातो. एक गप्प केलं की दुसरं बोलतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी यंत्रं, उदाहरणार्थ २०१८ मध्ये आलेलं मायनलॅबचं इक्विनॉक्स, ही दोन्ही कामं बरीच सांभाळतात. पल्स इंडक्शनवाल्यांना, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणाऱ्या यंत्रांना, मिठाचा त्रास कमी, पण खिळा आणि अंगठी यांतला फरक त्यांना नीट सांगता येत नाही. ज्यांच्याकडे माझ्यासारखं साधं यंत्र आहे त्यांनी जागा निवडून चालावं, हे माझं ठाम मत झालंय.

म्हणजे कसं, तर मी आता किनाऱ्याला समांतर चालतो आणि कॉइलही समांतरच फिरवतो. आधी समुद्राकडे तोंड करून पुढे जायचो. त्यामुळे दर काही पावलांनी वाळूचा ओलेपणा बदलायचा आणि जुना ग्राउंड बॅलन्स निकामी व्हायचा. आता एक पट्टा धरतो, तिथेच बॅलन्स घेतो, तो पट्टा संपवतो आणि मगच पुढचा. लाट पायाशी आली की कॉइल थांबवायची, पाणी ओसरू द्यायचं. कॉइल वाळूपासून दोन बोटं वर आणि शेवटपर्यंत त्याच उंचीवर. फेरीच्या टोकाला मनगट उचललं जातं, खोटे आवाज बरेचसे तिथेच येतात.

एक गोष्ट मला फार उशिरा सापडली. कॉइलखालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं तर आत चमचाभर काळी ओली वाळू बसलेली. झाकण हलायचं तशी ती आत सरकायची आणि प्रत्येक झटक्याला टिक असा आवाज. धुऊन, पुसून, कडेला टेप लावली. केबलही दांड्याला घट्ट गुंडाळली. निम्मी कटकट तिथेच गेली.

यंत्र प्रत्येक आवाजासोबत पडद्यावर एक आकडा दाखवतं. त्यातला मिठाचा आकडा डिस्क्रिमिनेशनने, म्हणजे नको ते आकडे गप्प करायच्या सोयीने, कापून टाकू नका. पातळ सोन्याची साखळी आणि लहान बाळी त्याच आकड्यात येतात. मी बायकोचं जुनं जोडवं नायलॉनच्या दोरीला बांधून दहा सेंटीमीटर खोल पुरलं. जोडवं मध्ये उघडं असतं, बंद वळ्यासारखा प्रवाह त्यात फिरत नाही, त्यामुळे चांदी असूनही आवाज बारीक आला. पण आडवं फिरवा किंवा काटकोनात वळून फिरवा, तो त्याच जागी, तितकाच आखूड. मिठाचा आवाज पसरट असतो आणि कॉइल चार बोटं उचलली की विरतो. काळ्या पट्ट्याचा आवाज पट्ट्याच्या लांबीने चालत जातो. हा फरक कानात बसेपर्यंत जोडवं पुरत राहावं.

जांभ्याच्या खड्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. बंधाऱ्याखाली ते भरपूर आहेत आणि त्यातलं लोखंड कधी कधी अगदी चांगल्या नाण्यासारखं वाजतं. लोखंड सरसकट कापावं तर आपली हल्लीची नाणी बरीचशी पोलादीच आहेत, तीही जातील. त्यामुळे तिथे खणतो आणि खडा निघाला तर खिशात ठेवतो, म्हणजे तो परत वाजणार नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी: किल्ल्याच्या अंगाला खणू नये, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

चौथ्या रविवारी शेवटच्या तासात अकरा खड्डे काढले. तीन रिकामे, दोन जांभा, दोन जाळ्याची शिशं, एक बाटलीचं झाकण, दोनांत एकेक रुपयाचं नाणं. अकराव्यात ॲल्युमिनियमचं षटकोनी वीस पैसे, कडा खाल्लेल्या, साल १९८५ वाचता येत होतं. त्याचा आवाज चारही बाजूंनी एकाच ठिकाणी आला होता. आता अमावास्येच्या ओहोटीला भाट्याच्या बाजूने, काजळी नदीच्या मुखापाशी फिरणार आहे. खाडीचं गोडं पाणी मिसळल्यावर बॅलन्सचा आकडा किती सरकतो ते तिथे टिपायचं आहे.