रंगपंचमीचा बिननावाचा पेशंट

रंगपंचमीला इंदुरात डॉक्टरला सुट्टी नसते. गेर म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, टँकरमधले रंगाचे फवारे राजवाड्यापर्यंत उडत जातात आणि दुपारपर्यंत आमच्याकडे डोळ्यांत गुलाल गेलेले, घसरून मनगट मोडलेले येत राहतात. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास दोन पोरं एकाला उचलून घेऊन आली. तिघेही नखशिखान्त हिरवे-जांभळे.

"भिया, गेस हो गई है इनको."

नाव विचारलं, तर म्हणाले, "नाम तो नी मालूम. गेर में साथ नाच रहे थे."

पन्नाशीचा माणूस छातीत गॅस झाला म्हणाला की मला संशय येतोच. पण तपासायचं कसं? चेहरा पांढरा पडलाय की नाही, ओठ निळे आहेत की नाही, काही कळेना. रंगातून घामाचे ओघळ तेवढे दिसत होते. बोटांवरच्या रंगामुळे ऑक्सिमीटर आकडाच दाखवेना. रंग चढू नये म्हणून अंगाला तेल चोपडलेलं, त्यामुळे ईसीजीचे इलेक्ट्रोड सटासट निसटायचे. सिस्टरने स्पिरिटने छाती पुसून काढली, तेव्हा कुठे ईसीजीची पट्टी आली. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका, वरचं बीपी 80. मी बूट ओढून काढला. पायाचा अंगठा तेवढा स्वच्छ होता. ऑक्सिमीटर त्याला लावला.

बुटांवरून एक सांगायला हवं. एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, रेसिडेंट होतो तेव्हा पैशांचा विचार मनात यायचा नाही. पुढे कर्ज काढून तीस खाटांचं रुग्णालय काढलं, हप्ते सुरू झाले आणि दोनचार मोठी बिलं बुडाली. मग काउंटरवरच्या पोराला मीच शिकवलं, "नातेवाइकांच्या पायांकडे बघ, चपलेवरून डिपॉझिटचा अंदाज येतो." तोच मी महिनाभरापूर्वी शाल-श्रीफळ घेताना मदुराईच्या डॉ. व्यंकटस्वामींचं उदाहरण देऊन आलो होतो. त्यांनी 1976 मध्ये 11 खाटांवर नेत्ररुग्णालय सुरू केलं आणि पैसे देणाऱ्यांच्या जोरावर न देणाऱ्यांच्या डोळ्यांवर फुकट उपचार केले. टाळ्या भरपूर पडल्या.

अँजिओप्लास्टीसाठी दुसरीकडे पाठवावं तर गेरमुळे रस्ते बंद. म्हणजे गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज इथेच द्यायचं, पंधरा लाख युनिट, तासाभरात. अशा वेळी मिनिटागणिक हृदयाचा स्नायू मरत असतो. आणि नेमका तेव्हा काउंटरवरचा पोरगा दारात.

"सर, सिस्टीम पुढे जात नाहीये. नाव, मोबाइल आणि वीस हजार टाकल्याशिवाय फार्मसी इंजेक्शन सोडत नाही."

पैसे त्या पोरांकडेही नव्हते. गेरमध्ये पाकीट, मोबाइल कोण नेतो? आणि पायांकडे बघून काही उपयोग नव्हता, तिथेही रंगच. पोरगा माझ्याकडे बघत उभा. त्याची काही चूक नव्हती, ती सिस्टीम मीच बसवून घेतली होती. तातडीच्या पेशंटवर उपचार आधी, बाकीचं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. खासगी डॉक्टरही त्यातून सुटत नाही. हे मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरला नव्हतं.

"नाव लिही रंगलाल," मी म्हणालो. "नंबर माझा टाक. डिपॉझिट भरलं असं दाखव."

इंजेक्शन चालू केलं. बीपी सावरायला सलाइन दिलं. दीडच्या सुमारास दुखणं थांबलं आणि पट्टी सुधारली. संध्याकाळी सिस्टरने तोंड पुसलं तेव्हा आतून सराफ्यातला एक कारागीर निघाला. आमच्यासाठी पूर्ण अनोळखी. रात्री बायको शोधत आली. दोन दिवसांनी आयुष्मान कार्डावर अँजिओग्राफीसाठी त्याला दुसरीकडे हलवलं. तिने पदरच्या गाठीतून काही नोटा काढल्या होत्या. त्या मी घेतल्या नाहीत.

त्या आठवड्यात नियम बदलला. तातडीच्या पेशंटचं औषध आधी, कागद नंतर. वर्षभरात काही पैसे बुडाले, हप्ताही एकदा उशिरा गेला. बँकेच्या मॅनेजरने बोलावून चहा पाजला, त्यात साखर कमी होती.

रंगलालचं खातं मात्र बंद होत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्या मोबाइलवर माझ्याच रुग्णालयाचा मेसेज येतो, "प्रिय रंगलालजी, कृपया अपनी बकाया राशि जमा करें." अकाउंटंट विचारतात, "सर, बुडीत खात्यात टाकू की धर्मादायमध्ये?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.