२२२ टाळून सिएना: कियांती लॉग, आठवा महिना

मंडळी, अपडेट उशिरा टाकतोय, पण सायकल बंद नव्हती. नवीन लोकांसाठी थोडक्यात: इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाला सायकलने जायचं, कियांतीच्या द्राक्षमळ्यांमधून, आणि एसआर २२२ नावाचा जो फेमस रस्ता आहे तो होता होईल तेवढा टाळायचा. स्कोअर म्हणजे २२२ वर किती किमी चाललो. कमी तेवढं चांगलं. मार्चमधल्या पहिल्या राइडला सत्तरपैकी जवळजवळ सगळेच २२२ वर गेले होते. परवाच्या रविवारी तीन.

२२२ वाईट नाही हां, डांबर चांगलं आहे आणि व्ह्यू तर विचारूच नका. पण तो सगळ्यांनाच माहितीये हाच प्रॉब्लेम. रविवारी दहा वाजले की मोटरसायकलवाल्यांचे थवे सुटतात, आंधळ्या वळणावर कानाशी येऊन गुरगुरतात, मागे एखादी कॅम्परव्हॅन, तिच्यामागे चार गाड्या आणि त्या सगळ्यांच्या पुढे आपण घाम गाळत ताशी नऊने. व्ह्यू कसला बघताय.

आता रूट. गाल्लुझ्झोवरून पोत्सोलातिको, तिथून इम्प्रुनेता (उंची साधारण २७५ मीटर, फ्लॉरेन्स ५० वर आहे, म्हणजे वॉर्मअप म्हणायचा तर जरा तिखट वॉर्मअप). मग खाली इल फेर्रोने आणि दरीतून ग्रेवे. हा दरीतला तुकडा मला अजूनही आवडत नाही, सपाट आहे म्हणून ट्रकही तिथूनच जातात, पण रविवारी सकाळी चालून जातो. ग्रेवेला सगळे सरळ २२२ ने पान्झानोला चढतात. आपण उजवीकडे मोंतेफियोराल्ले घ्यायचं. लांबी जेमतेम, पण चढ असा की पहिल्यांदा गेलो तेव्हा पाय टेकला आणि वर फोटो काढायला थांबलो असं पार्टनरला सांगितलं. गाव संपलं की पुढे डांबर जाऊन पांढरा कच्चा रस्ता लागतो, दोन्ही बाजूंना द्राक्षं आणि ऑलिव्ह, आणि थेट पान्झानोत बाहेर पडतो. त्या रस्त्यावर मला एकूण तीन गाड्या दिसल्या, त्यातला एक ट्रॅक्टर.

पान्झानोहून उतरत लुकारेल्ली, पेझा नदीच्या काठाने थोडं, मग राद्दापर्यंत चढ. राद्दा ५३० मीटरच्या आसपास. इथली गावं जुनी, सगळी टेकडीच्या माथ्यावर बसलेली, आणि नद्या खाली. त्यामुळे एका गावातून दुसऱ्यात जायचं म्हणजे ओढ्यापर्यंत उतरा आणि परत चढा. प्रोफाइल बघितलं तर करवतीचे दात. एकही चढ भयंकर लांब नाही, पण मोजता मोजता एकूण चढ दीड हजार मीटरच्या वर जातो. राद्दाहून वाल्याल्यी गावाच्या बाजूने सिएना. हा शेवटचा टप्पा माझा सगळ्यात लाडका, ओक वृक्षांची जंगलं, मध्येच द्राक्षांचा उतार, मध्येच पांढरी माती आणि बाकी शांतता. गंमत म्हणजे १७१६ मध्ये इथला तेव्हाचा राजा, ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा, याने वाइनसाठी कियांतीची हद्द आखून दिली त्या फर्मानातही ग्रेवे, मग पान्झानो, मग राद्दा हाच क्रम आहे. मी आठ महिने मॅपवर डोकं फोडून जे काढलं ते त्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

गियरबद्दल बरेच जण विचारत होते. पुढे ३४ दात्यांचं चाक आणि मागे मोठ्यात मोठं २८ चं, यावर मी मेपर्यंत हट्टाने चालवत होतो. ताशी ९ किमीला त्यात कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) साठच्याही खाली जातो, मग गुडघ्याने ढकलत बसा. जूनमध्ये मागे ११ ते ३४ दात्यांची कॅसेट बसवली (लाँग केजचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवणारा भाग, लागला, चेनही नवी, खर्च झालाच) आणि त्याच स्पीडला आता सत्तरच्या वर फिरतो. वॅट तेवढेच, वजन तेवढंच, फक्त वर पोचल्यावर माणसासारखं बोलता येतं. टायर २५ मिमीचे ३२ केले आणि हवा ९५ पीएसआयवरून ५८ वर आणली. कच्च्यावर उतरताना पुढचा ब्रेक अलगद, वळणाच्या आधीच स्पीड कमी, वळणात ब्रेकला हात लावायचा नाही. हे मला ऑगस्टमध्ये कोपर सोलून घेतल्यावर कळलं.

स्त्रादे बियांके (म्हणजे 'पांढरे रस्ते') ही प्रोफेशनल सायकल रेस २००७ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव वेगळं होतं, पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९९७ मध्ये, कियांतीतल्याच गायोले गावातून लेरोइका ही हौशी लोकांची राइड सुरू झाली होती, १९८७ च्या आधीच्या स्टीलच्या सायकली घेऊन. तिचा रूट वर्षभर तपकिरी पाट्यांनी दाखवलेला असतो. मॅप गंडला की मी त्या पाट्या शोधतो. तिथे पाटी आहे म्हणजे सायकल जाते, एवढा भरवसा पुरे.

सुटायची वेळ हा मात्र खरा शोध. कियांती क्लासिको वाइनच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो बघा. दंतकथा अशी की फ्लॉरेन्स आणि सिएनाची हद्द ठरवायला दोन्हीकडून घोडेस्वार कोंबडा आरवला की निघणार आणि भेटतील तिथे सीमा. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून ठेवला, तो झोपला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा उपाशी ठेवून अंधारात कोंडला, तो पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला आणि त्यांचा स्वार सिएनाच्या जवळ फोन्तेरुतोलीपर्यंत पोचला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात, इथे झाकलं म्हणूनच उजाडायच्या आधी आरवलं. असो, मी काळ्या कोंबड्याच्या पार्टीत आहे. परवा सव्वासहाला निघालो तेव्हा काळोख होता (गावाबाहेर अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट इथे कायद्यानेच लागतं), इम्प्रुनेता संपताना उजाडलं, आणि मोटरसायकलवाले जागे होईपर्यंत मी पान्झानो सोडून खाली उतरलेला.

ऑक्टोबरची अजून एक गोष्ट. शिकारीचा सीझन चालू असतो, वाल्याल्यीच्या जंगलात बंदुकांचे आवाज ऐकत चालवलं, फार मजा नाही आली. मंगळवार आणि शुक्रवारी शिकार बंद असते, सुट्टी काढता आली तर ते दोन दिवस सोनं.

सिएनात उत्तरेकडून शिरलो की खरं तर काम संपतं. पण आम्ही उगाच वळसा घालून फोन्तेब्रांदा या जुन्या कारंजाच्या बाजूला गेलो, कारण स्त्रादे बियांके रेसचा शेवटचा चढ, व्हिया सांता कातेरिना, तिथून वर जातो. दगडी फरशी, सोळा टक्के, दोन्हीकडे उंच भिंती. पार्टनर गेला वर. मी ऐंशी किमीचे पाय घेऊन निम्म्यात उतरलो आणि सायकल ढकलत गेलो, आणि एका खिडकीतून एक आजीबाई काहीतरी ओरडल्या, धीर देत होत्या की हसत होत्या कळलं नाही. मग पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकात पाय पसरून बसलो, आणि परत रीजनल ट्रेनने, सायकलचं वेगळं तिकीट काढून.

उरलेले तीन किमी म्हणजे बहुतेक ग्रेवे गाव. बाजारचौकच २२२ ला चिकटून आहे, तो काय उचलून बाजूला ठेवू? कोणाला मागची गल्ली माहीत असेल तर सांगा.