सहाशे रुपयांची पेनल्टी आणि नॉर्वेचा पाऊस

मागच्या महिन्यात शेअर ब्रोकरच्या लेजरमध्ये, म्हणजे माझ्या खात्याच्या हिशोबात, सहाशे रुपये कापलेले दिसले, कारण काय तर मार्जिन शॉर्टफॉल, म्हणजे सौद्यासाठी ठेवायचं डिपॉझिट कमी पडलं. डोकंच फिरलं. संध्याकाळी तर माझी पोझिशनच नव्हती, एकही सौदा चालू नव्हता, मग शॉर्टफॉल कसला? ब्रोकरला फोन लावून बराच वेळ भांडलो आणि शेवटी कळलं की माती मीच खाल्लीये. निफ्टीचा स्प्रेड होता, म्हणजे जोडीचा सौदा, एक ऑप्शन (ठरलेल्या भावाने घ्यायचा किंवा विकायचा हक्क) विकलेला आणि लांबच्या भावाचा एक हेज म्हणून, नुकसान आवरायला घेतलेला, तर बाहेर पडताना मी आधी हेजच विकला आणि चहा गाळून आल्यावर मग दुसरा सौदा कापला. तेवढ्या वेळात विकलेला ऑप्शन उघडा पडला, मार्जिन साठ हजारांनी कमी पडलं आणि नेमका तेव्हाच क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा, म्हणजे सौदे पुरे करून देणाऱ्या संस्थेचा, मार्जिन तपासायचा स्नॅपशॉट! दिवसातून किमान चार वेळा घेतात, कधी ते सांगत नाहीत. त्या साठ हजारांचे एक टक्का, सहाशे.

एवढी कडक नजर का, तर आपण ज्याच्याकडून घेतो किंवा ज्याला विकतो त्याचं तोंडही बघत नाही, मधे क्लिअरिंगवाले उभे असतात, विकणाऱ्यासाठी घेणारे तेच आणि घेणाऱ्यासाठी विकणारे तेच. एक जण बुडाला की दुसऱ्याचे पैसे त्यांनीच द्यायचे. मार्जिन म्हणजे त्यासाठीचं डिपॉझिट.

आणि ते कमी पडलं तर काय होतं हे बघायचं असेल तर सप्टेंबर 2018 चं नॅसडॅक क्लिअरिंगचं, म्हणजे युरोपातल्या अशाच क्लिअरिंगवाल्यांचं, प्रकरण वाचा. आयनार ओस नावाचा नॉर्वेचा एकटा माणूस, विजेच्या वायद्यांतला मोठा खेळाडू, स्वतःच क्लिअरिंग मेंबर, म्हणजे मधे ब्रोकर नाही. नॉर्डिक (नॉर्वे-स्वीडनकडच्या) आणि जर्मन विजेच्या भावातलं अंतर कमी होणार असा त्याचा डाव. झालं उलटं, तिकडे पावसाचा अंदाज आला, धरणं भरणार म्हणून नॉर्डिक भाव पडला आणि इकडे धूर सोडायला लागणारे कार्बन परवाने महागल्यामुळे जर्मन भाव चढला. अंतर नेहमीच्या दिवसापेक्षा सतरा पट हललं म्हणे. पठ्ठ्याला मार्जिन भरता आलं नाही.

मला खरी गंमत पुढची वाटते. त्याची पोझिशन विकायची तर लिलाव केला, बोलवले फक्त चार जण, आणि एवढा मोठा ढिगारा घाईत कोण चांगल्या भावाने उचलणार? त्याचं मार्जिन संपून वर 11.4 कोटी युरोचा खड्डा पडला. 70 लाख नॅसडॅकच्या स्वतःच्या खिशातून गेले आणि 10.7 कोटी बाकीच्या मेंबरांच्या सामायिक फंडातून, म्हणजे भिशीतला एक पळाला आणि भुर्दंड न खेळलेल्यांना. 2021 मध्ये स्वीडनच्या नियामकाने नॅसडॅक क्लिअरिंगला 30 कोटी क्रोनरचा दंड ठोकला.

म्हणजे भाव किती हलेल एवढ्याच हिशोबावर मार्जिन काढून भागत नाही, हा माल उद्या विकायची वेळ आली तर घेणार कोण, हेही त्यात धरावं लागतं. आपल्याकडे एफ अँड ओला (वायदे आणि ऑप्शनला) शेअर प्लेज केले, म्हणजे गहाण ठेवले, तरी निम्मं मार्जिन रोख किंवा रोखीसारखंच लागतं, त्यावर मी कायम करवादायचो. आताही करवादतो, पण बाजार कोसळेल त्याच दिवशी माझे प्लेज केलेले शेअर कोणाला तरी विकावे लागतील हे डोक्यात येतं आणि आवाज जरा खाली येतो.