वीस रुपयांची तरतरी

"हे प्यायले नाही ना, तर मला उगाच रडायला येतं."

ठाण्यात गोखले रोडवरच्या दुकानात, रात्री साडेआठला. दहावीतली वाटावी अशी मुलगी, पाठीवर क्लासची बॅग, हातात एनर्जी ड्रिंकची गार बाटली. आणि हे ती हसत सांगत होती. मैत्रीण म्हणाली, "सेम!" लगेच दोघी भूमितीच्या पेपरवर घसरल्या.

परीक्षा जवळ आली की क्रेट पुरत नाहीत, असं दुकानदार वर कौतुकाने सांगतो. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मुलांनी घेऊ नये. ठेवलेली असते चॉकलेटांच्या शेजारी!

250 मिलीच्या बाटलीत साधारण 75 मिलीग्रॅम कॅफिन. पाचेक तासांनीही त्यातलं जवळपास निम्मं अंगात असतं. म्हणजे रात्री दीडलासुद्धा. या वयाला 8 ते 10 तास झोप हवी, आणि शाळेची बस सकाळी साडेसहाला दारात. झोप अर्धवट झाली की चिडचिड, रडू. मग पुन्हा बाटली. रोजची सवय झाल्यावर एखाद्या दिवशी चुकली, तर डोकं दुखतं, उदास वाटतं ते वेगळंच.

पण सगळं खापर बाटलीवर फोडणं मला सोयीचं वाटतं. मन थाऱ्यावर नसलं तरीही झोप उडतेच की. त्या मुलीचं आधी काय बिघडलं असेल, कोण जाणे.

रडायला येतं हे ती मैत्रिणीला सहज सांगू शकली. घरी कुणाला सांगितलं असेल का?