जुना वस्तरा दाढीला तयार करताना: सगळं ठरतं ते बेव्हलवर

इंग्लंडमधल्या शेफील्डचा किंवा जर्मनीतल्या सोलिंगेनचा शंभर वर्षांपूर्वीचा वस्तरा आजही उत्तम दाढी करतो. बिघडलेली असते ती फक्त धारेची शेवटची बारीक रेघ, बाकी पोलाद जसंच्या तसं असतं. नवशिक्यांचा वेळ मात्र पातं चकाचक करण्यात जातो. मग 12000 ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) महाग दगडावर कितीही घासलं तरी वस्तरा गालावर ओढतो. अशा वेळी बहुतेकदा 1000 ग्रिटच्या दगडावरचं पहिलं काम, म्हणजे बेव्हल (धारेचे दोन्ही बाजूंचे उतार) बसवणं, अर्धवट सुटलेलं असतं.

आधी निवड. वस्तऱ्याची रुंदी पाठीपासून धारेपर्यंत, इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पहिला वस्तरा 5/8 किंवा 6/8 घ्यावा, आणि दोन्ही बाजूंनी आत खोलगट घासलेला, म्हणजे हॉलो ग्राउंड. त्यात दगडाला लागणारं पोलाद थोडं असतं, त्यामुळे काम लवकर होतं. शेफील्डचे जुने, पाचरीसारखे जाड वस्तरे देखणे असतात, पण त्यांना दगडावर बसवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्यावेत. पात्याच्या बुडाशी ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा देश कोरलेला असेल तर वस्तरा बहुधा 1891 नंतरचा. त्या वर्षीपासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव लिहिणं सक्तीचं झालं.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तरा मिळालाच तर तो हातात घेऊन तपासता येतो, हा मोठा फायदा. धार उजेडाकडे धरून बघा. बारीकशी जरी चीर दिसली तरी तो वस्तरा सोडा, चिरेला इलाज नाही. पाठीवरचा गंज चालतो. धारेलगतचे काळे खड्डे मात्र चालत नाहीत, कारण दगडावर पोलाद झिजत गेलं की खड्डा नेमका धारेवर येतो आणि तिथून ती तुटते. धार किंचित बाहेर फुगलेली असली तर अडचण नाही. मधोमध आत गेलेली असेल तर नवशिक्याने हात लावू नये. पाठीच्या दोन्ही बाजूंचे सपाट झिजलेले पट्टेही पाहा. एक बाजू रुंद, दुसरी अरुंद असेल, तर कुणीतरी एकाच बाजूवर जोर देऊन घासलंय.

मुठीचंही पाहावं लागतं. सेल्युलॉइडची मूठ कुजायला लागली की तिच्यातून आम्लधर्मी वायू सुटतात. मिटलेलं पातं मुठीच्या आत जिथे असतं, नेमका तिथेच गंज चढतो. असा वस्तरा दुसऱ्या वस्तऱ्यांसोबत एका डबीत ठेवू नका आणि ज्योतीपासून लांब ठेवा, सेल्युलॉइड भडकन पेटतं. हस्तिदंती मुठीच्या वाटेला जाऊ नका. भारतात हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे.

आता सफाई. त्याआधी काचेच्या ग्लासच्या गुळगुळीत कडेवरून धार एकदा अगदी हलकी ओढून बोथट करा. ती तशीही नव्याने बसवायची आहे, आणि बोटं वाचतात. बुचाच्या तुकड्याला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर गुंडाळा. 600 पासून सुरुवात, मग 1000, मग 2000, सोबत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-चार थेंब. पातं टेबलावर टेकवून हात नेहमी पाठीकडून धारेकडे न्यायचा, उलटा कधीच नाही. शेवटी ब्रासो. पात्यावर सोनेरी नक्षी असेल तर तिला ब्रासो लावू नका, पुसून जाईल. पाठीचे सपाट पट्टेही पेपरने घासायचे नाहीत: दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. तो साधारण 16-17 अंश असतो.

ड्रिल किंवा ग्राइंडरला पॉलिशचं चाक लावून काम उरकायचा मोह आवरा. पातळ पोलाद काही सेकंदांत तापतं. धारेवर निळसर छटा आली की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, आणि ती जागा पुन्हा कधी धार धरत नाही. वस्तरा पाण्यात उकळूही नका, शिंगाची मूठ वाकते. पातं सर्जिकल स्पिरिटने पुसून काढा, मुठीला ते लागू देऊ नका.

मग खरं काम. 1000 ग्रिटचा दगड आधी सपाट हवा. त्यावर पेन्सिलने चौकटी आखा, काचेवर ठेवलेल्या 400 च्या ओल्या पेपरवर तो घासा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट. पाठीवर विजेच्या कामाच्या चिकटपट्टीचा एक थर लावलात तर ती झिजत नाही. पण एकदा लावली की शेवटच्या दगडापर्यंत राहू द्या, झिजली तर तशीच नवी लावा. मधेच काढली की कोन बदलतो आणि पुढच्या दगडाचा धारेला स्पर्शच होत नाही.

बेव्हल म्हणजे धारेला दोन्ही बाजूंनी असलेला अरुंद उतार. त्यावर मार्कर फिरवा. पाठ आणि धार एकदम टेकवून, धार पुढे ठेवून पातं ढकला. दगड अरुंद असतो म्हणून ढकलताना ते टाचेकडून (धारेचा मुठीकडचा शेवट) टोकाकडे तिरपं सरकवायचं. वळवताना पाठीवर वळवा, धारेवर कधीच नाही. दोन-चार फेऱ्यांनी बघा: शाई कुठे उरली? बहुधा टोकाशी किंवा टाचेशी. तिथे हात जरा थांबवायचा, पण जोर वाढवायचा नाही. खोलगट पातं जोराने वाकतं आणि धार दगडावरून उचलली जाते. टाचेला मुठीलगतचा जाड भाग दगडावर चढत असेल तर पातं तितकं बाहेर ठेवा.

किती फेऱ्या? पन्नासही पुरतात, चारशेही लागतात. आकडा मोजू नका, धार तपासा. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांकडे धरा. कुठेही चमकता ठिपका दिसला तर तिथे दोन्ही उतार अजून भेटलेले नाहीत. टाचेपासून टोकापर्यंत पात्याचा प्रत्येक भाग मनगटावरचे केस कातडीलगत सहज काढत असेल आणि पिकलेल्या टोमॅटोच्या सालीत स्वतःच्या वजनाने उतरत असेल, तरच पुढे जा. दोन संध्याकाळी इथेच गेल्या तरी त्या वाया जात नाहीत.

पुढचं सोपं आहे. 4000 वर आधीचे ओरखडे जाईपर्यंत, 8000 वर तसंच, आणि 12000 वर फक्त पात्याच्या वजनाने वीस-तीस फेऱ्या. प्रत्येक दगडाआधी पातं आणि हात धुवा, जाड दगडाचा एक कण सगळं बिघडवतो. बारीक दगडावर फार वेळ घासलं तर धारेवर पातळ, लोंबती पत्री तयार होते. ती पहिल्या दाढीतच तुटते आणि कातडी जळजळते. दगडांचा खर्च नको असेल तर काचेवर चिकटवलेली 3 आणि 1 मायक्रॉनची लॅपिंग फिल्म (अतिबारीक घासकणांचा प्लास्टिकचा पातळ कागद) चांगलं काम देते.

दगडांनंतर धार चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायची, आणि इथे दिशा उलटी: पाठ पुढे, धार मागे. आधी कापडावर वीस, मग चामड्यावर पन्नास फेऱ्या. पट्टा ताणून धरा. तो झोळला की धार गोल होते आणि दगडावरची मेहनत वाया जाते. पहिल्या आठवड्यात वेग नकोच, चुकून धारेवर वळलं तर पट्टाही कापला जातो.

पहिली दाढी आंघोळीनंतर, भरपूर ओल्या फेसावर, आणि फक्त गालांची. हनुवटी आणि वरचा ओठ पुढच्या आठवड्यांसाठी ठेवा. दुसऱ्या हाताने कातडी ताणा, पाठ गालापासून साधारण 30 अंश उचला, केसांच्या दिशेने दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारा. धारेच्या रेघेत आडवं सरकवलं की कापलंच. टोक फार अणकुचीदार असेल तर आधीच दगडावर एक-दोनदा हलकं फिरवून बोथट करून घ्या. बारीक कापलं तर ओली तुरटी पुरते. दाढी ओढत असेल तर आधी पट्टा, मग 12000, आणि तरीही ओढली तर परत 1000 वर जाऊन बेव्हल तपासा. हा वस्तरा घरातही कुणाला वापरायला देऊ नका, रक्तातून हेपटायटिस बी पसरतो.

दाढी झाली की पातं पुसा, पट्ट्यावर चार-सहा फेऱ्या मारून ओल घालवा आणि तासभर उघडं ठेवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके येतात, म्हणून शिलाई मशीनच्या तेलाचा हात रोज फिरवा. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि खवटही होतं. चामड्याच्या पाकिटात वस्तरा ठेवू नका, चामडं दमट हवा धरून ठेवतं. सिलिका जेलची पुडी टाकलेला घट्ट झाकणाचा डबा बरा, आणि तो न्हाणीघरात नको, खोलीतल्या कपाटात ठेवा.