माटुंगा: लवकर उतरा, पायीच फिरा

मुंबई पाहायला आलेली पाहुणेमंडळी गेटवे आणि जुहू करून परत जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक सकाळ माटुंग्याला द्या. तमिळ, कन्नड, मल्याळी, कच्छी, गुजराती, पारशी, मराठी अशी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात.

मध्य रेल्वेची स्लो लोकल धरा आणि आठच्या आत पूर्वेला बाहेर पडा. बाजार तिथूनच सुरू होतो. केळीच्या पानांच्या गुंडाळ्या, सांबारचे लहान कांदे, कढीपत्त्याच्या जुड्या. फुलवाला गजरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातावर मोजून देतो. माझ्या पुढच्या आजींशी तो तमिळमध्ये बोलत होता, माझ्याकडे वळला आणि सरळ मराठीत विचारलं, "ताई, एक हात की दोन?" कॉफीच्या दुकानात पूड समोर दळून मिळते. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) किती हवी आणि पूड फिल्टरसाठी हवी, हे आधीच सांगा.

नाश्त्याला कॅफे मद्रास. १९४० पासूनची जागा, सोमवारी बंद, आणि रविवारी रांग अंगावर येते. म्हणून मधल्या वारी जा. पोचल्याबरोबर नाव लिहून ठेवा. एकट्यादुकट्याला लवकर जागा मिळते, पण टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावं लागतं. घ्या, गप्पा होतात. रसम वडा चुकवू नका, पण पोट थोडं रिकामं ठेवा, कारण दुपारी स्टेशनजवळच्या रामा नायक यांच्या खाणावळीत केळीच्या पानावर जेवायचं आहे.

मधल्या वेळात भांडारकर रोडवरचं आस्तिक समाजाचं मंदिर बघून घ्या. दुपारी देवळं बंद होतात. मग पाच बगीचे (फाइव्ह गार्डन्स) आणि दादर पारशी कॉलनी. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली दाटी कमी करायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि हा भाग त्यानं नकाशावर आखून वसवला. रुंद रस्ते, बुटक्या इमारती, डोक्यावर झाडांची कमान: सगळं त्या आखणीचं देणं. कॉलनीला कुंपणाची भिंत नाही, कुणीही चालत जाऊ शकतं. अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, मात्र पारशी सोडून इतरांना प्रवेश नाही. बाहेरूनच बघा आणि लोकांच्या दारा-खिडक्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. इथं माणसं राहतात.

संध्याकाळ मोकळी असेल तर झेड पुलावरून रूळ ओलांडून पश्चिमेला या. यशवंत नाट्यमंदिरात मराठी नाटक लागलेलं असेल तर तिकीट काढा. परतीसाठी पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड स्टेशन तिथून जवळ आहे.